ओहोटीचा प्रश्न

भाईंदर पश्चिम
१२ डिसेंबर २०२५

मिनल पालशेतकर यांस,

हे पत्र लिहायला भाग पाडणारी गोष्ट एकच आहे. पायल वाघमारेच्या मृत्यूबद्दल संस्थेची चौकशी समिती पुढच्या महिन्यात बसते आहे आणि तिच्या वर्गशिक्षिकेचा, म्हणजे तुमचा, खुलासा शाळेत नाही. तुमचा फोन सात तारखेपासून बंद आहे. तुम्ही गुहागरला आईकडे गेलात एवढेच कळले. म्हणून टपालाने लिहिते आहे.

काय घडले ते समितीसाठी मी असे लिहिले आहे. आठवीच्या वर्गाला 'परिसरातला एक प्रश्न' हा शोधप्रकल्प दिला होता. पायलने मुर्धा खाडीची ओहोटी निवडली. सहा डिसेंबरला शाळेला सुट्टी होती. तिचे आईवडील पहाटे चैत्यभूमीला गेले. घरी अभ्यास करते, असे सांगून ती मागे राहिली. सकाळी ती एकटी चिखलात उतरली. तिने झाडूच्या हिरांना लाल रिबिनी बांधून ते ओळीने रोवले होते, पाणी कुठवर येते ते मोजण्यासाठी. भरती आली तेव्हा ती गुडघ्यापर्यंत रुतलेली होती. दुपारी ती सापडली.

मीही त्या सकाळी दादरला रांगेतच होते. फोन लागला तेव्हा रांग सोडून निघाले. मुर्ध्याला पोचले तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली होती आणि बायका घोळक्याने उभ्या होत्या. वाघमारे ज्यांच्याकडे भाड्याने राहतात त्या चंपाबाई सगळ्यांना सांगत होत्या, "आमची पोर न्हाय ती. भाडोत्र्यांची हाय. मोबाइल घेऊन उंडारायची निस्ती." मी त्यांना गप्प बसायला सांगितले. त्या बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातही 'व्हिडिओच्या नादात' असेच छापून आले.

तुम्हाला दोनच गोष्टी लिहायच्या आहेत. पायलने या प्रकल्पाबद्दल तुम्हाला काही विचारले होते का? विचारले असेल तर तुम्ही काय सांगितले?

मुलांनी तिचे नाव पुन्हा पुन्हा उघडून पाहू नये म्हणून मुले आपले प्रश्न लिहितात ती टॅबवरची प्रश्नभिंत मी आठ तारखेला बंद करून पुसायला लावली आहे. त्यामुळे तुमच्या शब्दावरच सगळे आहे. विचार करून लिहा.

वैजयंता सोनकांबळे
मुख्याध्यापिका


वेलदूर, ता. गुहागर
१७ डिसेंबर २०२५

आदरणीय बाईंना सा. न.

तुमचं पत्र मिळालं. दोन्ही प्रश्नांची उत्तरं देते.

पायलने मला काही विचारलं नाही. त्यामुळे मी काही सांगितलं नाही.

ती मुर्ध्याची मुलगी. खाडी तिला माहीत असणार, असंच मला वाटलं. आमच्याकडे पाच वर्षांचं पोरसुद्धा पाण्याकडे न बघता सांगतं, आता भरतंय की ओसरतंय. तसंच असेल असं धरून चालले. चुकलं माझं.

सोबत राजीनामा जोडला आहे. समितीला तो पुरेल असं वाटतं. मला परत यायचं नाहीये. शिक्षणसेवक म्हणून माझं तिसरं वर्ष मार्चमध्ये संपलं असतं, आई तेवढ्यासाठी रडतेय. कायम होईपर्यंत तरी कळ काढ म्हणते. तिला काय सांगू?

वर्गातली मुलं कशी आहेत ते कळवलंत तर बरं वाटेल. नाही कळवलंत तरी चालेल.

आपली
मिनल


भाईंदर पश्चिम
२२ डिसेंबर २०२५

मिनल,

तुमचा खुलासा मी समितीकडे दिलेला नाही, कारण तो खरा नाही.

पायलने तुम्हाला काहीच विचारले नसेल, तर तिला खाडी माहीत असेल की नसेल हा विचार तुमच्या मनात येण्याचे कारण नव्हते. आठवीत बेचाळीस मुले आहेत. त्यांतल्या कोणाला काय माहीत असणार याचा हिशोब आपण विनाकारण करत नाही. कोणी विचारले तरच करतो. तुम्ही काहीतरी लपवता आहात आणि ते तुम्हाला जमत नाही.

इथली परिस्थिती लिहिते. काल संस्थेचे सचिव महिपतराव कार्यालयात आले होते. चहा संपेपर्यंत हवापाण्याचे बोलले. मग म्हणाले, "मॅडम, असं बघा, अशा मॅटरमध्ये एक माणूस दाखवायचा असतो. ती पालशेतकर अजून परमनंट नाहीये. वर फोन बंद करून पळालीये. तिने राजीनामा दिला तर सोन्याहून पिवळं. बाकी शाळेचं नाव, तुमचा तो प्रोजेक्ट, सगळं सेफ."

मी म्हणाले, "तो माझा प्रोजेक्ट नाही, शाळेचा आहे."

"तेच ते," म्हणाले. "टेन्शन नका घेऊ."

तुमचा राजीनामा माझ्या खणात आहे हे मी त्यांना सांगितले नाही.

परवा मी वाघमारेंकडे जाऊन आले. एक खोली, मागे दलदल. गुणवंत वाघमारे स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायच्या कारखान्यात आहेत. ते सबंध वेळ भिंतीला टेकून बसले होते. पायलची आई बोलली. मला विचारले, "बाई, तुमचं गाव कोणचं?"

मी सांगितले, उदगीर.

"आमचं बी तिकडंच, जळकोटाजवळ," म्हणाली. "तीन सालामागं आलाव. आमच्याकडं पाणी यायचं ते टँकरनं. आपलं आपण येतंय अन् आपलं आपण जातंय, असलं पाणी आमी बघितलंच नव्हतं. पायल तर रोज म्हणायची, आई, हे जातंय कुठं गं?"

तीन वर्षे ती मुलगी माझ्या शाळेत होती. माझ्याच तालुक्याशेजारची. दाखल्यावर मुर्धा पाहिले आणि मीही ती खाडीकाठची समजले. तेव्हा तुम्ही तसे समजलात याबद्दल मी तुम्हाला काही बोलू शकत नाही. त्या घरातून निघताना तिची आई दारापर्यंत आली आणि म्हणाली, "लोक म्हणत्यात पोर उनाड होती. माझी लेक इचारल्याबिगर पाय टाकत नव्हती. तिनं कुणाला तरी इचारलं असंल की, बाई. कुणाला इचारलं तेवढं मला सांगा."

मी तिला सांगते म्हणून आले आहे. म्हणून पुन्हा विचारते. पायलने तुम्हाला विचारले होते का?

वै. सोनकांबळे


वेलदूर
२८ डिसेंबर २०२५

आदरणीय बाई,

मी खोटं लिहिलं. पण ते स्वतःला वाचवायला नाही लिहिलं. राग मानू नका, पण आता सरळच लिहिते.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी ते तीनदा वाचलं. 'पायलने तुम्हाला विचारलं होतं का', आणि पुढे 'भिंत पुसली आहे', आणि शेवटी 'विचार करून लिहा'. मला वाटलं, तुम्ही मला खूण करताय. काय लिहायचं ते सुचवताय. बाईंना हेच हवंय, असं समजून मी ते लिहून दिलं. दुसरं पत्र वाचल्यावर कळलं की तसं नव्हतं. तुम्हाला खरंच आठवत नाहीये.

पायलने प्रश्नभिंतीवर विचारलं होतं. चार तारखेला, गुरुवारी दुपारी. शब्द मला पाठ आहेत. 'ओहोटीला खाडीचं पाणी किती लांब जातं? परत यायला किती वेळ लागतो? तेवढ्या वेळात मी मध्यापर्यंत जाऊन खुणा लावून येऊ शकते का?'

त्याच्या खाली उत्तर होतं. तुमचं. 'छान प्रश्न! तूच शोध, आणि आम्हाला सांग.'

मी ते स्टाफरूममध्ये वाचलं. तो दिवस पौर्णिमेचा. त्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे असतात, हे मला कुणी सांगायला नको. मी खाली टाइप केलं, 'एकटी जाऊ नकोस. पाणी समोरून येत नाही, मागून येतं.' आणि पाठवायच्या आधी पुसलं.

का पुसलं ते तुम्हाला माहीत आहे. ऑक्टोबरमध्ये मी सहावीतल्या एका मुलीला लोखंड का गंजतं ते सांगितलं, तर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "उत्तर देऊन तुम्ही त्या मुलीचा आठवडा खाल्लात." परिपत्रकही काढलंत. शिक्षकाने उत्तर द्यायचं नाही, प्रश्नाला प्रश्नच विचारायचा. जितेश सर मागे चेष्टा करायचे, "उद्या पोराने विचारलं, सर, संडास कुठाय, तर काय सांगायचं? तूच शोध?" आम्ही हसायचो. पण पाळायचो. आणि इथे तर खाली तुमचंच उत्तर आलेलं. मुख्याध्यापिकेच्या उत्तराखाली आपण काय लिहायचं? मग मनाला समजावलं, मुर्ध्याची आहे, तिला माहीतच असणार, गंमत म्हणून विचारतेय.

बाई, पद्धत वाईट होती असं मी म्हणणार नाही. याच मुलांनी केबिन रोडच्या भाजीवाल्यांशी बोलून कचऱ्याचा नकाशा काढला तेव्हा मी स्वतः पाहिलंय, मागच्या बाकावरची पोरं उठून बोलायला लागली होती. पायल तर आधी हजेरीलासुद्धा मान खाली घालून हो म्हणायची. यंदा ती उभी राहून विचारायला लागली. तुमच्यामुळेच लागली.

तुम्ही हे कुणाला सांगू नका. भिंत गेली, पुरावा नाही. माझा राजीनामा द्या आणि विषय संपवा. मी तरुण आहे, दुसरं काही बघेन. तुम्ही दीड वर्षात निवृत्त होणार. पायल काही परत येणार नाही.

तुमची
मिनल


भाईंदर पश्चिम
३ जानेवारी २०२६

मिनल,

पत्र काल मिळाले.

चार डिसेंबरला दुपारी मी ठाण्याला मुख्याध्यापकांच्या मेळाव्यात होते. आपल्या शाळेच्या कामाचे सादरीकरण करायला मला बोलावले होते. पडद्यावर प्रश्नभिंत उघडून दाखवली. कोणीतरी म्हणाले, "मॅडम, लाइव्ह करून दाखवा ना." सर्वांत वर जो प्रश्न होता, त्याच्याखाली मी बोट ठेवले. ते वाक्य माझ्या टॅबमध्ये तयार ठेवलेले आहे, टाइपसुद्धा करावे लागत नाही. टाळ्या झाल्या. मी पुढच्या चित्राकडे गेले. प्रश्न अर्धा वाचला. नाव वाचले नाही.

तुमचे पत्र वाचेपर्यंत तो प्रश्न पायलचा होता हे मला माहीत नव्हते. मला आठवत नव्हते, असे मी म्हणणार नाही. मी पाहिलेच नव्हते. या दोन्हींत फरक आहे आणि दुसरे अधिक वाईट आहे.

तुम्ही पद्धतीबद्दल लिहिले म्हणून लिहिते. तीस वर्षे मी मुलांकडून उत्तरे पाठ करून घेतली. चोपन्नाव्या वर्षी या नव्या पद्धतीच्या प्रशिक्षणाला पाठवले तेव्हा मी शेवटच्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसले होते, संध्याकाळ होण्याची वाट बघत. टॅब चालू कसा करायचा ते मला निम्म्या वयाच्या मुख्याध्यापकाने दाखवले. तिसऱ्या दिवशी आम्हाला एक बी दिले आणि म्हणाले, याबद्दल जे माहीत नाही ते लिहा. माझे पान भरले. बी.एस्सी. झाल्यापासून मी स्वतःला एकही प्रश्न विचारला नव्हता हे मला त्या दिवशी कळले. परत आले ती सगळे बदलायचे ठरवूनच. ते बदलणे खोटे नव्हते.

पण त्या प्रशिक्षणात हेही सांगितले होते की मुलाच्या शोधाला कुंपण शिक्षकाने घालायचे असते. जिथे जीव जाऊ शकतो तिथे शोध नसतो, तिथे सांगायचे असते. ते मी ऐकले होते, पण परिपत्रकात घातले नाही. अपवाद ठेवला की शिक्षक त्याच्या आड लपतात, असे मला वाटले. पद्धत नवी घेतली आणि छडी जुनीच ठेवली. मुलांनी निर्भयपणे विचारावे म्हणून मी शिक्षकांना बोलायची भीती घातली.

तुमच्या सूचना मी मानणार नाही. समितीची बैठक बारा तारखेला आहे. तिथे जे बोलायचे ते मी बोलेन. तुम्ही यायची गरज नाही.

एक काम करा. खाडीबद्दल मुलांना काय सांगायचे ते साध्या वाक्यांत लिहून पाठवा. आपल्या शाळेत मुर्धा, राई, मोर्वा या गावांतून भाड्याने राहणारी पुष्कळ मुले येतात. त्यांच्या घरी सांगणारे कोणी नाही. प्रश्न नको. उत्तर पाठवा.

वै. सोनकांबळे


वेलदूर
७ जानेवारी २०२६

बाई,

स्पीड पोस्टने पाठवतेय, वेळेत पोचावं.

खाडी समोरून भरत नाही. आधी बाजूच्या आणि मागच्या नाळी, म्हणजे चिखलातले पाण्याचे चर, भरतात. तुम्ही मध्ये कोरडे उभे असता आणि परतायची वाट बंद झालेली असते.

पौर्णिमा आणि अमावास्येनंतर दोन-तीन दिवस पाणी जास्त लांब जातं आणि जास्त जोरात येतं. लांब गेलेलं पाणी बघून मोह होतो. त्या दिवसांत तर अजिबात उतरायचं नाही.

चिखलात पाय रुतला तर ओढाओढ करायची नाही, त्याने जास्त रुततो. आडवं व्हायचं, वजन पसरायचं, हाका मारायच्या.

एकटं कधीच जायचं नाही. काठावर एक मोठं माणूस उभं पाहिजे.

एवढंच आहे. चार ओळी. लिहायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. लिहून झाल्यावर मात्र मी त्या पुन्हा पुन्हा वाचत बसले. आई विचारत होती, काय झालं. काही नाही म्हटलं.

मिनल


भाईंदर पश्चिम
१७ जानेवारी २०२६

मिनल,

तुमच्या ओळी दहा तारखेला पोचल्या. बारा तारखेला सकाळी, समितीच्या आधी, मी प्रत्येक वर्गात जाऊन त्या वाचल्या. मुलांकडून तीनदा म्हणवून घेतल्या, जुन्या पद्धतीने. आठवीत एका मुलीने हात वर केला. म्हणाली, "बाई, हे पायलला कोणी सांगितलं नव्हतं का?"

मी सांगितले, "नाही. तिने विचारले होते. मी सांगितले नाही."

मग ती मुलगी खाली बसली.

समितीपुढे मी तेच बोलले आणि लेखी दिले. महिपतराव मध्येच म्हणाले, "मॅडम, भिंत बंद आहे, ती पालशेतकर आलेली नाही, आणि तुम्ही स्वतःहून गळ्यात घेताय. कशासाठी?" मी म्हणाले, पायलच्या आईने विचारले आहे म्हणून. ते शेजारच्या सदस्यांकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम को आराम की जरूरत है." मी ऐकू आले असे दाखवले नाही. जबाबाची एक प्रत मी पोलीस ठाण्यातही दिली. तिथल्या हवालदाराने ती दोनदा वाचली आणि विचारले, "हे तुम्हीच लिहिलंय?"

तेरा तारखेला मला पदावरून दूर केल्याचे पत्र आले. पुढची चौकशी शिक्षण विभाग करील. प्रश्नभिंत, टॅब, शोधप्रकल्प, सगळे बंद करायचा ठरावही झाला. याला मी विरोध नोंदवला आहे. तो मानला जाणार नाही. मुले पुन्हा उत्तरे पाठ करतील आणि सगळ्यांना हायसे वाटेल. पायलबरोबर हेही माझ्या हातून गेले.

तुमच्यावर कारवाई नाही. राजीनामा मी फाडला आहे. रुजू व्हायचे की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा.

तुम्ही टाइप करून पुसलेले वाक्य मी जबाबात लिहिलेले नाही. शिक्षकांना उत्तर द्यायची मनाई होती आणि ती माझी होती, एवढेच लिहिले आहे. ते वाक्य तुमचे आहे. सांगायचे असेल तर वाघमारे बाईंना तुम्ही येऊन सांगा. मी तुमच्या वतीने सांगणार नाही आणि तुम्हाला त्यातून मोकळेही करणार नाही.

चौदा तारखेला मी त्यांच्या घरी गेले. सगळे सांगितले, ठाण्याच्या टाळ्यांसकट. गुणवंत वाघमारे उठून बाहेर गेले. मग तिची आई म्हणाली, "म्हंजी इचारलं होतं तिनं."

मी हो म्हणाले.

"कागदावर लिवून द्या. शिक्का मारून. गावाकडं बी उनाड म्हणत्यात तिला."

मी देते म्हणाले. तिने चहा विचारला नाही. विचारावा अशी अपेक्षा नव्हती. मी निघाले तेव्हा ती दाराशी आली नाही.

काल कार्यभार सोपवला. त्याची नोंद तुम्हालाही असावी, म्हणून खाली उतरवून देते.

सोपवले, १६ जानेवारी २०२६:

श्री. जितेश भोईर, पर्यवेक्षक, यांच्याकडे: कार्यालय, प्रयोगशाळा आणि कपाटांच्या किल्ल्या; सर्व टॅब, चार्जरसह; शाळेचा शिक्का. त्यांनी सगळे तपासून घेतले. माझ्याकडे पाहिले नाही.

संस्थेकडे: उत्तर देण्यास मनाई करणाऱ्या परिपत्रकाची मूळ प्रत, माझ्या सहीची.

प्रत्येक वर्गशिक्षकाकडे: खाडीबद्दलच्या चार ओळी. वर्गात लावायच्या.

पायलच्या आईकडे, शिक्का सोपवण्याआधी, शाळेच्या कागदावर: 'पायल गुणवंत वाघमारे, इयत्ता आठवी, हिने खाडीत जाण्यापूर्वी शाळेला विचारले होते. शाळेने तिला सांगितले नाही.' तिने तो शेजारच्या मुलीकडून वाचून घेतला, पुन्हा एकदा वाचायला लावला आणि पोच म्हणून सही केली.

वै. सोनकांबळे